भिंतीवर काय लावायचं : कॅनव्हास की ॲक्रेलिक?

घरातली चित्रं : भाग ६

दुकानातल्या टेबलावर एकाच चित्राचे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवले, एक ॲक्रेलिकचा आणि एक कॅनव्हासचा, तर बहुतेक गिऱ्हाइकांचा हात आधी ॲक्रेलिककडे जातो. लाल रंग पेटून उठलेला, काळा चांगला गडद, कडा चकचकीत. शेजारचा कॅनव्हास बापडा गप्प. पण दुकानातला उजेड दुकानदाराच्या सोयीचा असतो आणि नमुना जेमतेम वीतभर. तेच चित्र तीन फुटांचं होऊन वाशिममधल्या एखाद्या घरात पश्चिमेच्या खिडकीसमोर लागलं, की दुपारी चारच्या सुमारास त्यात चित्र कमी आणि खिडकीचे गज जास्त दिसू लागतात.

गेल्या आठवड्यात कागद आणि शाई यांचा विचार झाला. आता प्रश्न आहे तो चित्र कशावर छापायचं याचा.

वाशिमच्या वाचकाने त्यासाठी अजिंठ्याचं उदाहरण घ्यावं. ते परकं नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला राजा हरिषेण याच शाखेतला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. पद्मपाणीचं प्रसिद्ध चित्र ज्या पहिल्या लेण्यात आहे, ते तर खुद्द हरिषेणाने करवून घेतलं, असं अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं मत होतं. दिवाणखान्यासाठी पद्मपाणी निवडणारा वाशिमकर, म्हटलं तर, गावच्याच राजवटीतलं काम भिंतीवर आणत असतो.

हे चित्र मुळात मातीच्या गिलाव्यावर, वाळलेल्या पृष्ठभागावर काढलेलं. त्याला चकाकी नाही. अंधाऱ्या लेण्यात मंद उजेडातही ते दिसतं ते त्यामुळेच; पाहणाऱ्याच्या डोळ्यावर तिरीप येत नाही. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये या चित्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात वर्षानुवर्षं नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत उतरले. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत सापडल्या. वाचलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

नकला करणाऱ्यांनी एक उद्योग मात्र नडणारा केला. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवरच व्हार्निश फासलं. पुढे निजामाच्या राज्यात १९२० च्या सुमारास इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा थर दिला. हे थर हळूहळू पिवळट-तपकिरी पडले, खालचे रंग झाकोळले आणि ते काढता काढता पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षं खर्ची पडली. ॲक्रेलिकवर छापलेल्या पद्मपाणीने कुणाचं असं नुकसान होत नाही, हे खरं. पण मूळ चित्राचा जो शांतपणा, तो चकाकीखाली जातोच. अजिंठा, वारली, जुनी लघुचित्रं, जलरंगातली निसर्गचित्रं, अशा कामांना कॅनव्हासच शोभतो.

चकाकीची हौस आजची नाही. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून घरोघर पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या ओलिओग्राफ जातीच्या छापांची खुबी ही, की कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव उमटवून वर व्हार्निश देत. कॅनव्हासचा पोत आणि तैलचित्राची झळाळी, दोन्ही एकाच कागदावर! आजचा ग्राहकही दुकानात नेमकं हेच मागत असतो.

आता ॲक्रेलिककडे. हे काचेसारखं दिसणारं प्लास्टिक १९३० च्या दशकात जर्मनी आणि इंग्लंडमध्ये बाजारात आलं. स्वच्छ पत्र्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो, वजन काचेच्या निम्म्याच्या आसपास. तरी ते हलकं समजू नये: तीन फूट बाय दोन फूट, ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा सव्वातीन किलोच्या वर भरतो. छपाई दोन प्रकारे होते. एकात छापलेला फोटो पत्र्याच्या मागे पारदर्शक चिकट थराने बसवतात. दुसऱ्यात यूव्ही मशीन पत्र्याच्या पाठीवरच चित्र उलटं छापतं, आधी रंग आणि त्यांच्या मागे पांढऱ्या शाईचा थर. काचेवर मागून रंगवलेली जुनी चित्रं अशाच उलट्या क्रमाने होत: डोळे, दागिने, जरीची किनार आधी, अंगाचा रंग आणि पार्श्वभूमी नंतर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं पाहायला मिळतात. यूव्ही छपाईत पांढरा थर पातळ पडला, तर चित्र उजेडासमोर धरल्यावर लगेच कळतं. माल ताब्यात घेताना ते दारातच तपासावं.

ॲक्रेलिकची खरी परीक्षा विदर्भातला उन्हाळा घेतो. पत्रा वितळत वगैरे नाही, नरम पडायलाही ८०-९० अंशांच्या पुढे तापमान लागतं. पण तो काचेपेक्षा कितीतरी जास्त पसरतो. जानेवारीच्या पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यात तापलेल्या भिंतीवरचे ४५, एवढ्या फरकात मीटरभर लांबीचा पत्रा सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. चार कोपऱ्यांत भोकं पाडून स्टीलचे गोल बोल्ट घट्ट आवळले, की वाढायला जागा उरत नाही. पत्रा बाक धरतो किंवा भोकापासून बारीक तडा निघतो. भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं आणि मध्ये रबरी वायसर, एवढं साधं काम आहे. बसवणाऱ्याला घाई असते, म्हणून घरमालकाने उभं राहून करून घ्यावं. पुसायचं ते मऊ सुती ओल्या फडक्याने. काच पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्याने किंवा स्पिरिटने पत्र्यावर जाळीसारख्या रेषा येऊ शकतात, आणि कोरड्या फडक्याने घासलं तर ओरखडे उठतातच, वर स्थिर विजेमुळे धूळही जास्त चिकटते.

कॅनव्हासचे शत्रू वेगळे. पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकलेल्या कॅनव्हासला पाठीमागून बुरशी धरते, चौकटीच्या लाकडाला वाळवी लागते. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवले तरी हवा खेळती राहते. दमट दिवसांत कापड सैल पडलं तर चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पाचरी ठोकून ते पुन्हा ताणता येतं. त्यासाठी चौकट पाचरींची हवी, खिळे मारून पक्की केलेली नको. कापड सुती, पॉलिएस्टर किंवा दोन्हींच्या मिश्रणाचं असतं. शाई पिगमेंटची आहे ना, हे विचारावं. डायची शाई उजेडात लवकर उडते.

कडांचा हिशोबही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दीड इंच जाडीच्या चौकटीवर कापड दुमडायचं, तर चारही बाजूंनी दोनेक इंच चित्र मागे जातं. आजोबांच्या फोटोत फेट्याच्या वर बोटभरच जागा असेल, तर फेट्याचा तुरा चौकटीच्या वरच्या कडेवर जाऊन बसतो आणि समोरून आजोबा छाटलेले दिसतात. अशा वेळी कडांना वेगळा रंग द्यायला सांगावा.

आणि आजोबांचाच फोटो असेल, तर आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घालतात, गंध लावतात, पुढे उदबत्ती जळते. काचेवरचं गंध पुसता येतं. कॅनव्हासच्या विणीत शिरलेलं कुंकू आणि तेलकट धूर निघत नाही. पूजा होणार असलेल्या फोटोला कॅनव्हास देऊ नये. तिथे ॲक्रेलिक चालेल, साधी काचेची फ्रेम त्याहून बरी आणि स्वस्त.

ॲक्रेलिक जिथे खरोखर जिंकतं, ते म्हणजे बारीक तपशिलाचे फोटो. जिल्ह्यातलंच पाहायचं तर पोहरादेवीला येणाऱ्या बंजारा स्त्रियांच्या पोशाखावरच्या आरशांचा, कवड्यांचा आणि टाक्यांचा जवळून घेतलेला फोटो. कॅनव्हासवर त्यातला टाका विणीत हरवतो, ॲक्रेलिकवर प्रत्येक आरसा सुटा दिसतो. अट एकच, मूळ फाइल दमदार हवी. तीन बाय दोन फुटांसाठी इंचाला १५० ठिपके धरले, तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. इंचाला ४५ ठिपकेही नाहीत. ॲक्रेलिक असा फोटो उघडा पाडतं, कॅनव्हास थोडाफार सांभाळून घेतो. फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा.

ॲक्रेलिक सहसा महाग पडतं, त्यामुळे दुकानदाराचा आग्रहही बहुधा तिकडेच असतो. मोठी ऑर्डर देण्याआधी त्याच चित्राचा वीतभर तुकडा दोन्हींवर छापून मागावा, लागतील ते पैसे द्यावेत, आणि दोन्ही तुकडे ठरलेल्या भिंतीवर सकाळी, दुपारी चारला आणि रात्री ट्यूबच्या उजेडात पाहावेत. पुढच्या आठवड्यात : फ्रेम, काच आणि मागचा पुठ्ठा.