रक्त कसे येते ते आधी पाहा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या रानात एक प्रसंग घडला. त्यावरून मी हा लेख लिहीत आहे.

माझे काका बैलांसाठी उसाचे वाढे तोडत होते. मी मोळी बांधायला सोबत होते. एकदम कोयता निसटला आणि डाव्या मनगटावर बसला. लालभडक रक्ताची चिळकांडी उडाली ती समोरच्या पाचटावर पडली. क्षणभर कमी झाली, परत उडाली. आजी "हळद आणा गं, हळद!" करत घराकडे पळाली. मी माझा रुमाल जखमेवर धरला. पण रक्त थांबले का ते बघायला मी तो सारखा उचलत होते. तीनदा उचलला आणि तिन्ही वेळा रक्त पुन्हा सुरू झाले. शेवटी काकूने मला बाजूला केले, काकांना खाली निजवले आणि पदराचा बोळा करून जखमेवर गच्च दाबला. शेजारच्या आबांनी १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत काकूने हात जरासुद्धा हलवला नाही. दवाखान्यात काकांना ७ टाके पडले. तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, "पोरी, फडकं उचलून बघायचं नसतं. रक्ताची गाठ धरायला लागते, ती तू दर वेळी उपटलीस."

मला फार वाईट वाटले. सुट्टी संपल्यावर मी गुरुजींना सगळे विचारले.

आपल्याकडे लोक "शीर तुटली" म्हणतात. पण त्यावरून कोणती नळी तुटली ते कळत नाही. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी. हृदयाकडे परत आणणारी ती नीला. या दोघींना जोडणाऱ्या केसाहून बारीक नळ्या म्हणजे केशवाहिन्या. आता आपल्या अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटे ठेवा. टक् टक् लागते ना? ती रोहिणी. हृदय दर ठोक्याला रक्त जोराने ढकलते, म्हणून रोहिणी तुटली की रक्त ठोक्याठोक्याने उडते. काकांचे तसेच झाले होते. हे सर्वांत धोक्याचे. मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो.

नीलेतले रक्त उडत नाही. पाटाच्या पाण्यासारखे एकसारखे वाहते आणि रंगाने काळपट लाल असते. (नाव नीला असले तरी रक्त निळे नसते बरं का! कातडीवरून शिरा निळसर दिसतात एवढेच.) वाहते म्हणून हे साधे समजू नये. मोठी नीला तुटली तर पुष्कळ रक्त जाते. गुडघा खरचटला की बारीक थेंब जमून पाझरतात, ते केशवाहिन्यांचे. ते बहुतेक वेळा आपोआप थांबते. पाण्याने धुऊन स्वच्छ कापड लावले की झाले.

रंगावर मात्र फार भरवसा ठेवू नका. अंधारात किंवा गडद कपड्यावर रंग कळत नाही. रक्त कसे येते ते पाहा. आणखी एक, खूप रक्त गेल्यावर चिळकांडी मंद होते. तेव्हा "आता थांबतंय" असे वाटते, पण माणूस जास्त धोक्यात असतो.

उडणारे असो की वाहणारे, पहिला उपाय एकच. स्वच्छ फडके नेमके जखमेवर ठेवून तळहाताने जोर लावून दाबायचे. घड्याळात १० मिनिटे तरी उचलायचे नाही. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवून आणखी जोराने दाबायचे. जखमेत काच किंवा पत्रा रुतला असेल तर उपटायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचे. हाताला रक्त लागू नये म्हणून आपण प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी घालावी. वर सुतळी करकचून बांधू नये, तिने नुकसान होते. चुना, तंबाखू, चुलीची राख यांनी उडणारे रक्त थांबत नाही, घाण मात्र आत जाते आणि धनुर्वाताची भीती असते. हळदही तशीच वाहून जाते. आजीला हे अजून पटलेले नाही.

घोळणा फुटला की आपल्याकडे कांदा हुंगवतात आणि मान मागे करायला लावतात. मान मागे केली की रक्त घशात उतरते. त्यापेक्षा पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग १० मिनिटे चिमटीत धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. अर्ध्या तासात थांबले नाही तर दवाखाना.

एक रक्तस्राव मात्र दिसतच नाही. सायकलवरून पडताना हँडल पोटात बसले, वर साधा ओरखडाही नाही, पण आत रक्त वाहत असते. मुलगा पांढराफटक पडतो, थंड घाम येतो, नाडी भरभर पण बारीक लागते, पोट दुखते, तहान लागते. अशा वेळी पाणी, चहा काही देऊ नये. निजवावे, पांघरूण घालावे आणि लगेच १०८ ला फोन करावा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते, ३० किलोच्या मुलाच्या अंगात २ लिटरच्या थोडेसेच वर. म्हणून मुलांच्या बाबतीत वाट बघत बसू नये. पडलेले घरी सांगितले तर मार बसेल म्हणून आपल्यातले काहीजण लपवतात. मीसुद्धा एकदा लपवले होते.

आमच्या वर्गाने प्रथमोपचार पेटी केली आहे. तिच्यात कात्री आहे, कापूस आहे, पण दाबायला फडकी कमी आहेत. पालकांनी धोतराचे किंवा सुती लुगड्याचे जुने, स्वच्छ धुतलेले तुकडे आणून दिले तर आम्ही घड्या करून ठेवू. पेटी सातवीच्या वर्गात खिडकीजवळ आहे.

(इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी)