चौकोनावर गोल कसा बसवायचा?

स्वयंपाकघरातला एक चौकोनी डबा घ्या. झाकण काढा आणि तोंडावर वाटी पालथी घाला. वाटी जेमतेम चार कडांवर टेकते आणि चारही कोपरे उघडे राहतात. पाऊस आला तर पाणी थेट आत!

साधारण 1,500 वर्षांपूर्वी हेच कोडं अँथेमियस आणि इसिडोर या दोघांपुढे होतं. दोघेही भूमितीतले पंडित. गाव कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इस्तंबूल. इ.स. 532 मध्ये तिथे मोठी दंगल उसळली आणि जुनं चर्च जळून गेलं. सम्राट जस्टिनियनला त्याच जागी कितीतरी भव्य चर्च हवं होतं. त्याचं नाव हागिया सोफिया. सोफिया ही कुणी राणीबिणी नाही हं! ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ पवित्र ज्ञान.

दोघांनी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार अवाढव्य खांब उभे केले, त्यांच्यामध्ये चार कमानी घातल्या. वर हवा होता घुमट, सुमारे 31 मीटर रुंदीचा. पण कोपऱ्यांचं काय?

आता डबा ठेवून द्या आणि मोसंबं आणा. मधोमध कापा, एका अर्ध्यातला गर खाऊन टाका (ही पायरी चुकवायची नाही) आणि साल ताटात पालथी घाला. कात्रीने चार बाजूंचे फुगवटे सरळ उभे छाटा, म्हणजे तळ चौकोनी होईल. बघा, प्रत्येक बाजूला एकेक कमान तयार झाली! आता कमानींच्या माथ्याच्या किंचित वरून साल आडवी कापा आणि टोपी काढून टाका. काय उरलं? कोपऱ्यांतून उगवून आत झुकलेले चार बाकदार त्रिकोण. खाली चौकोन, वर गोल! वाटी या गोलावर ठेवा, फट म्हणून राहणार नाही. या त्रिकोणांना पेंडेंटिव्ह म्हणतात. घुमटाचा भार तेच खाली खांबांकडे पोचवतात. एवढ्या मोठ्या घुमटाखाली ही युक्ती त्याआधी कुणी केलेली नव्हती.

घुमटाच्या पायाशी ओळीने 40 खिडक्या आहेत. त्यांतून ऊन आलं की मधल्या विटा उजेडात विरघळतात आणि घुमट अधांतरी वाटतो. त्या काळच्या प्रोकोपियस नावाच्या इतिहासकाराला तो आकाशातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा वाटला होता.

सहा वर्षांच्या आत, 537 मध्ये, चर्च उभं राहिलं. पण भूकंपांनी ते खिळखिळं झालं आणि 558 मध्ये घुमट कोसळला. तो फार बसका होता. ओल्या फरशीवर पाय खूप फाकवून उभे राहिलात तर पाय बाहेर सरकतात ना? बसका घुमटही भिंतींना तसाच बाहेर ढकलतो. मग इसिडोरच्या पुतण्याने (त्याचंही नाव इसिडोरच!) नवा घुमट सुमारे 6 मीटर उंच घेतला. 562 मध्ये तो पूर्ण झाला. पुढच्या भूकंपांत त्याचे काही भाग पडले, पुन्हा बांधले गेले, पण आकार तोच राहिला. चर्चची 1453 मध्ये मशीद झाली, 1935 मध्ये संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद.

तुमची साल वेडीवाकडी कापली गेली असेल तर चिडू नका, दुसरं अर्धं मोसंबं आहेच. हागिया सोफियाचा घुमटही दुसऱ्या खेपेलाच जमला होता.