‘फायर बेनिंग!’ : मॅनेजर गेला, त्याचे करार राहिले

हा ताज्या भागाचा लिखित अवतार, ज्यांना ऐकायला वेळ नाही पण स्क्रोल करायला आहे त्यांच्यासाठी. माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे काय आहे ना’ कापलेत, शेजारच्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्याही. बाकी बरंचसं जसंच्या तसं.

विषय आहे हॉकीचा. पण आपली, खडकीच्या धनराज पिल्लेंची हॉकी नाही. बर्फावरची. आणि त्यातही खेळाडूंबद्दल मी फार बोलणार नाहीये. बोलणार आहे एका सूट घातलेल्या माणसाबद्दल, ज्याची नोकरी जावी म्हणून अख्खं स्टेडियम ओरडत होतं.

५ डिसेंबर २०२१. इथे पुण्यात रविवारची सकाळ, तिकडे कॅनडात व्हँकुव्हरला शनिवारची रात्र. माझा हॉस्टेलचा रूममेट मास्टर्स करायला तिकडे गेला होता आणि वर्षभरात व्हँकुव्हर कनक्स या टीमच्या पार नादी लागला होता. (तिकडे शनिवारच्या मॅचेसची पंजाबी कॉमेंट्री असते, २००८ पासून. याला इंग्रजी कॉमेंट्रीपेक्षा ती जास्त कळायची.) त्या रात्री तो स्टेडियममध्ये होता, सगळ्यात वरच्या स्वस्त सीटवर. मॅच पिट्सबर्गबरोबर होती आणि कनक्स ४-१ ने हरले. त्याने मला एक व्हॉइस नोट पाठवली. त्यात त्याचा आवाज नव्हताच. नुसता हजारो लोकांचा एका तालातला घोष होता : ‘फायर बेनिंग! फायर बेनिंग!’ म्हणजे, बेनिंगला काढा. कुणीतरी अंगातली टीमची जर्सी काढून बर्फावर भिरकावली होती. खाली त्याचा मेसेज : ‘अरे, अंगावर काटा आला.’

दुसऱ्या दिवशी, आपल्या सोमवारी सकाळी, बातमी आली. जनरल मॅनेजर जिम बेनिंगला काढलं. कोच ट्रॅव्हिस ग्रीनलाही काढलं.

रूममेटच्या हॉकी ग्रुपमध्ये दिवाळी होती नुसती. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवले. नाचणारे स्टिकर, ‘आज सुट्टी घ्या’ टाइपचे मेसेज, आणि मधेच एखादा कुरकुरणारा : ‘ग्रीनला का काढलं, तो तर जे दिलं त्यात भागवत होता.’ आणि एक जण, जो दर पाच मिनिटांनी तेच लिहीत होता : ‘मालकाचं काय?’ त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. त्याच्याकडे मी परत येतो.

आधी जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, करतो काय ते बघू. कोच ठरवतो आज कोण खेळणार. जीएम ठरवतो टीममध्ये कोण असणार. आयपीएलच्या लिलावात पॅडल घेऊन बसलेली मंडळी आठवा, तसंच काहीसं, पण वर्षभर चालणारं. आपल्या पर्ससारखीच तिथे पगारांना कमाल मर्यादा असते. २०२१ च्या त्या हंगामात ती होती ८ कोटी १५ लाख डॉलर. फरक असा की आयपीएलमध्ये चुकीचा खेळाडू घेतला तर पुढच्या वर्षी सोडून देता येतो. इथे करार सहा, सात, आठ वर्षांचे असतात, आणि खेळाडू बरा खेळो वा न खेळो, पैसे द्यावेच लागतात. मुदतीआधी सोडायचं म्हटलं तर उरलेल्या पगाराचा मोठा हिस्सा द्यायचा, तोही दुप्पट वर्षं. आणि तोवर त्याचा बोजा तुमच्या मर्यादेत दिसत राहतो.

आमच्या फील्डमध्ये याला टेक्निकल डेट म्हणतात. आज घाईत जोडलेला कोड, ज्याचं व्याज पुढची टीम भरते.

बेनिंगने असं कर्ज बरंच काढलं. तो मे २०१४ मध्ये आला. गंमत म्हणजे २०११ ची स्टॅनले कप फायनल व्हँकुव्हर सातव्या मॅचमध्ये घरच्या मैदानावर ज्या बॉस्टनकडून हरलं, त्या बॉस्टनचा हा असिस्टंट जीएम होता. त्या रात्री शहरात दंगल झाली होती. म्हणजे जखमेवर मीठ चोळणाऱ्यांपैकीच एकाला मलम लावायला बोलावलं.

२०१६ मध्ये त्याने लुई एरिक्सनला घेतलं. सहा वर्षं, ३ कोटी ६० लाख डॉलर. आदल्या हंगामात त्याने ३० गोल केले होते, त्यामुळे कागदावर वाईट नव्हतं. पण कनक्सकडून पहिल्याच मॅचमध्ये काय झालं ऐका. समोरच्या टीमकडून फाउल झाला होता आणि शिट्टी वाजायची बाकी होती. अशा वेळी गोलकीपरला बाहेर बोलावून एक जादा खेळाडू आत पाठवतात, कारण समोरच्यांनी चकतीला हात लावला की खेळ थांबणारच असतो. एरिक्सनने मागे पास दिला. मागे कुणी नव्हतं. चकती घसरत घसरत थेट आपल्याच रिकाम्या जाळ्यात. मॅच जिंकली शेवटी, पण हा व्हिडिओ लोक विसरले नाहीत. पुढच्या पाच हंगामांत त्याने मिळून ३८ गोल केले.

एक चूक कुणाचीही होते. पण २०१८ मध्ये बेनिंगने जे बीगल आणि अँटवान रूसेल या दोघांना प्रत्येकी वर्षाला ३० लाखांवर चार वर्षं बांधून घेतलं. दोघंही मेहनती, पण राखीव फळीतले. या तिघांचा पगार एकत्र केला तर मर्यादेचा साधारण सातवा हिस्सा झाला. मग २०२० मध्ये जेव्हा गोलकीपर मार्कस्ट्रम, बचावातला टॅनेव्ह आणि टॉफोली यांचे करार संपले, तेव्हा पैसे आणि वेळ दोन्ही अपुरं पडलं. तिघंही गेले. टॉफोलीने माँट्रियलला जाऊन २८ गोल मारले आणि ती टीम फायनलला पोचली.

याच्या जोडीला ड्राफ्ट, म्हणजे कोवळी पोरं निवडायची वार्षिक पंगत. २०१६ मध्ये पाचव्या क्रमांकावर बेनिंगने ओली यूलेवीला घेतलं. सहाव्यावर कॅल्गरीने मॅथ्यू टकाचुकला. यूलेवी व्हँकुव्हरसाठी लीगच्या पंचवीस मॅचेसही खेळला नाही. टकाचुकने पुढे फ्लोरिडाकडून दोन स्टॅनले कप उचलले.

तर लोकांचा राग फुकाचा नव्हता. साडेसात वर्षांत फक्त दोनदा प्लेऑफ, आणि त्या हंगामात २५ मॅचेसमध्ये ८ विजय.

आता तो ‘मालकाचं काय’वाला. मला वाटतं ग्रुपमध्ये सगळ्यात नेमकं तोच बोलत होता. कनक्सचे मालक अक्विलिनी कुटुंब. बेनिंगला आणलं त्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा करार वाढवला त्यांनी. पण स्टेडियममध्ये बसून मालकाला काढता येत नाही. टीम त्याची आहे. मग लोक मालकाला ऐकू जाईल असं ओरडतात, फक्त नाव मॅनेजरचं घेतात. आइस हॉकीत तिकीटविक्रीचा पैसा फार मोठा असतो, अमेरिकन फुटबॉलसारखं सगळं टीव्हीवर भागत नाही. त्यामुळे तिकीट काढून आलेला माणूस जर्सी फेकतो तेव्हा ते मालकाला पावतीसारखं दिसतं.

आणि हे व्हँकुव्हरमध्ये पहिल्यांदा झालं नव्हतं. बेनिंगच्या आधीचा जीएम माइक गिलिस. त्याच्याच काळात टीम २०११ ची फायनल खेळली, सलग दोन वर्षं साखळीत अव्वल आली. ७ एप्रिल २०१४ ला अनाहाइमविरुद्ध ०-३ हरताना याच स्टेडियमने ‘फायर गिलिस’चा घोष केला. ८ एप्रिलला गिलिस गेला. तेव्हाही लोक खूश होते. त्या खुशीतूनच बेनिंग आला.

मी हे सगळं एवढं का खणत बसलो, ते सांगतो. आमच्या ऑफिसातही असंच झालं होतं. नाव घेत नाही, ना कंपनीचं ना माणसाचं. आमचा एक मॅनेजर होता. त्याने एका बाहेरच्या व्हेंडरशी तीन वर्षांचा करार केला आणि त्या टूलने आमची झोप उडवली. रात्री दोनला अलर्ट यायचे. त्याला काढलं त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्याने पहिला नाचणारा स्टिकर टाकला, तो मीच. तेच स्टिकर, बरं का, जे रूममेटच्या स्क्रीनशॉटमध्ये होते.

आठेक महिन्यांनी एक मोठी गडबड होता होता राहिली. एक चुकीचा बदल थेट लाइव्ह जाणार होता, पण आधीच एका तपासणीत अडकला. ती तपासणी कुणी लिहिली म्हणून इतिहास उघडून पाहिला. त्याच मॅनेजरने, स्वतःच्या हाताने, एका शनिवारी. तेव्हा आम्ही सगळे कुरकुरलो होतो की हा कामाचा वेग कमी करतो. आणि व्हेंडरचे अलर्ट? तो गेल्यावरही तसेच येत होते. करार संपायला अजून दीड वर्ष होतं.

त्याला मेसेज करावा असं मनात आलं होतं. टाइप केला, पाठवला नाही.

व्हँकुव्हरला परत येऊ. बेनिंग गेला, कोच म्हणून ब्रूस बूड्रो आला. खेळाडू तेच. पहिली मॅच ४-० जिंकली, पहिल्या सातही जिंकल्या. स्टेडियम आता नव्वदच्या दशकातल्या एका हिप-हॉप गाण्याच्या चालीवर ब्रूसच्या नावाचा गजर करायला लागलं. उरलेल्या ५७ मॅचेसपैकी ३२ जिंकूनही प्लेऑफ हुकलंच. खड्डा आधीच खोल होता. नवे प्रेसिडेंट जिम रदरफर्ड, नवे जीएम पॅट्रिक ऑल्विन आले. पुढच्या हंगामात टीम परत घसरली आणि बूड्रो जाणार हे आठवडाभर आधी सगळ्यांना कळलं होतं. २१ जानेवारी २०२३ ला एडमंटनविरुद्ध हरताना तोच गजर, याला ठेवा म्हणून. बेंचमागे उभ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

म्हणजे काढा म्हणून ओरडलं तर दोनदा दुसऱ्याच दिवशी ऐकलं गेलं, ठेवा म्हणून ओरडलं तर नाही. मालकाने जे ठरवत आणलेलं असतं तेच त्याला गर्दीतून ऐकू येतं की काय, असा माझा दाट संशय आहे.

आणि मग २०२३-२४. कनक्सने १०९ गुण मिळवून आपला विभाग जिंकला. क्विन ह्यूज लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला. ब्रॉक बेसरने ४० गोल केले. एलियास पेटरसन, गोलकीपर थॅचर डेम्को, सगळे फॉर्मात. जे. टी. मिलरने १०३ गुण कमावले. यातले पहिले चौघं बेनिंगच्या ड्राफ्टमधले. मिलरला त्यानेच २०१९ मध्ये आणलं होतं, आणि तेव्हा एवढी किंमत मोजतात का म्हणून त्याला शिव्या पडल्या होत्या. मी रूममेटला लिहिलं, ‘ही तर बेनिंगची टीम.’ त्याचं उत्तर : ‘हो. आणि तो असता तर हे पाचही एरिक्सनच्या ओझ्याखाली खेळले असते.’ नवे कोच, नवा बचाव, हे ऑल्विनने केलं, हे खरंच आहे. मला काही सुचलं नाही.

पण ओझं गेलं असं त्याला वाटत असेल तर तेही पूर्ण खरं नाही. जुलै २०२१ मध्ये बेनिंगने एरिक्सन, बीगल, रूसेल या तिघांचे शेवटच्या वर्षात आलेले करार ॲरिझोनाच्या गळ्यात मारले. सोबत ड्राफ्टमधला नववा क्रमांक दिला. बदल्यात कॉनर गार्लंड मिळाला, आणि ऑलिव्हर एकमन-लार्सन, वर्षाला ७२ लाख ६० हजार डॉलरचा बोजा घेऊन, करार २०२७ पर्यंत. एक वर्षाचं दुखणं सहा वर्षांच्या दुखण्याशी बदललं. दोन हंगामांनी, २०२३ मध्ये, ऑल्विनने त्याला पैसे देऊन मोकळं केलं. एकमन-लार्सन फ्लोरिडाला गेला आणि पुढच्याच वर्षी कप जिंकला.

चार वर्षं उरली होती, म्हणून दुप्पट, आठ वर्षं. कनक्सच्या हिशोबात तो २०३०-३१ च्या हंगामापर्यंत राहणार. रूममेटला हे सांगितलं तर म्हणाला, ‘तोवर मला कॅनडाचा पासपोर्ट मिळालेला असेल.’