अडीच किलोमीटरांचा प्रवास

पुण्यांत शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंतचें अंतर तीन किलोमीटरांच्या आंतच आहे. धडधाकट मनुष्य तें पाऊण तासाच्या आंत पायीं तोडतो. सायकलवाल्याला पंधरा मिनिटें पुरेशीं होतात. मोटारवाल्याला किती वेळ लागेल हें मात्र रस्त्यावरील गर्दीवर आणि मोटार उभी करण्यास जागा मिळते कीं नाहीं यावर अवलंबून असतें. तरीहि एवढ्याशा अंतरासाठीं घरचें यंत्रवाहन बाहेर काढणें हेंच आज बहुतेकांना स्वाभाविक वाटतें. सायकलींचें शहर म्हणून ज्या पुण्याची एके काळीं देशभर ख्याति होती, त्याच पुण्यांत सायकल ही पुष्कळांच्या मनांत पहांटेच्या व्यायामाची वस्तु होऊन बसली आहे. या बदलाची किंमत कोणत्या नाण्यांत मोजावी लागते, आणि रोजच्या जाण्यायेण्यांत फेरफार करावयाचा झाल्यास तो कोठें केला असतां खरोखर उपयोगीं पडेल, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम धुराचा हिशेब. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरतें. तें इंजिनांत जळलें म्हणजे त्यापासून सुमारें २.३ किलो कार्बन डायॉक्साइड वायु बाहेर पडतो. पाऊण किलोंतून सव्वादोन किलो निघतात कसे, असें चाणाक्ष विद्यार्थी लागलीच विचारील, आणि तें त्यानें विचारलेंच पाहिजे. पेट्रोलच्या वजनांत शेंकडा ८५ च्या आसपास भाग कर्बाचा असतो. हा कर्ब जळतांना आपल्या १२ भारांशीं हवेंतील प्राणवायूचे ३२ भार जोडून घेतो, आणि बारांचे चव्वेचाळीस होतात. टाकींतून जातें तें थोडें. उरलेली भर हवेंतून पडते. पेट्रोल संपलें असें लोक म्हणतात, परंतु तें संपलेलें नसतें. तिप्पट वजनाचें होऊन डोक्यावरील हवेंत मिसळलेलें असतें. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, म्हणून त्याविषयीं तक्रार घेऊन कोणी येत नाहीं. तथापि पृथ्वी जी उष्णता अवकाशांत परत सोडते तिचा कांहीं भाग तो अडवून धरतो, आणि एकदां वर गेला कीं त्याचा बराचसा अंश शेंकडों वर्षें तेथेंच मुक्काम करतो.

श्रोत्यांनीं आतां मनांत एक त्रैराशिक मांडून पाहावें. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार दर किलोमीटरला सुमारें १५० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड सोडते. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे ५० ग्रॅम सोडते. डिझेलवर चालणारी मोठी बस लिटरला साडेतीन किलोमीटर गेली, तर दर किलोमीटरला पाऊण किलोहूनहि थोडा अधिक वायु सोडते. हा आंकडा ऐकून बसवर रागावण्याचें कारण नाहीं. तींत ४० उतारू असले तर प्रत्येकाच्या वांट्याला पुरते २० ग्रॅमहि येत नाहींत. पण त्याच बसमध्यें पांचच उतारू असले तर माणशीं दीडशें ग्रॅम पडतात. म्हणजे एकटा मनुष्य मोटारींतून गेला काय आणि पांच जण रित्या बसमधून गेले काय, माणशीं हिशेब एकच! उलट त्याच मोटारींत चौघे बसले तर माणशीं आंकडा चाळिसांच्या आंत येतो. अर्थात् बस वेळापत्रकाप्रमाणें रितीहि धांवणारच असते. तींत सहावा उतारू चढल्यानें तिचा धूर जवळजवळ वाढत नाहीं, त्याची मोटार घरीं राहिल्यानें मात्र तिचा सगळाच्या सगळा वांचतो. वाहन कोणतें, या प्रश्नाइतकाच तें भरलेलें कीं रितें हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं.

मोटारीचा खर्च एवढा कां, याचें कारण तिच्या वजनांत आहे. लहानशी मोटार घेतली तरी ती हजार किलोंच्या घरांत जाते. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा शहरांतल्या थांबत-चालत रहदारींत जेमतेम पांचवा हिस्सा चाकांपर्यंत पोंचतो. बाकीची उष्णता इंजिन तापविण्यांत आणि नळीवाटे बाहेर जाण्यांत फुकट जाते. चाकांपर्यंत जें पोंचतें त्याच्या सोळा भागांपैकीं पंधरा भाग मोटार स्वतःलाच ओढण्यांत खर्ची घालते, आणि उरलेला एक भाग आंतल्या ६५ किलोंच्या माणसाच्या कामीं येतो. सोळा पंचें ऐंशीं. एक रुपयाचें पेट्रोल जाळलें तर माणसाला हलविण्याच्या कामीं त्यांतील सव्वा पैसाच लागला! घरांतला कोणी एखादा असा व्यवहार करूं लागला तर वडील मंडळी त्याच्या हातीं किल्ल्या राहूं देणार नाहींत.

सायकलीचें गणित याच्या नेमकें उलट आहे. साधी सायकल १५ ते १८ किलोंची असते, म्हणजे वाहन हलकें आणि मनुष्य जड. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन स्टार्ली यानें सारख्या आकाराच्या दोन चाकांची व मागील चाकाला साखळी जोडलेली सायकल तयार केली. १८८८ सालीं डनलॉप यानें हवेनें फुगविलेली धांव शोधून काढली. त्या रचनेंत मुख्य फरक आजतागायत झालेला नाहीं. सपाट रस्त्यावर तेंच अंतर सायकलीनें जाण्यास पायीं चालण्यापेक्षां कितीतरी कमी शक्ति लागते. यंत्राच्या साह्यानें मनुष्य स्वतःच्या पायांपेक्षांहि काटकसरी होतो, असें हें विरळें उदाहरण आहे.

आतां लहान अंतराविषयीं. इंजिन थंड असतांना पेट्रोल अधिक पितें, हें वाहन वापरणाऱ्यांना ठाऊक असतें. परंतु याहून महत्त्वाची एक गोष्ट थोड्यांच्या ध्यानांत येते. विषारी वायूंचें शोधन करण्यासाठीं धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें एक पात्र बसविलेलें असतें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे कडक नियम लागू झाले, त्यांचें पालन मोठ्या अंशीं अशा पात्रांवर अवलंबून आहे. पण हें पात्र अडीचशें-तीनशें अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावांचून नीट काम करीत नाहीं. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत वाहन नेलें तर तें तापतें न तापतें तोंच प्रवास संपतो. जो प्रवास पायीं करण्यास सर्वांत सोपा, तोच यंत्रावर केला असतां किलोमीटरमागें सर्वांत घाणेरडा ठरतो.

शाळा भरण्याच्या वेळीं फाटकापाशीं याचा प्रत्यय येतो. एकेका मुलासाठीं एकेक गाडी येते, बंद न करतां उभी राहते, आणि मागच्या गाडीवरचें मूल पुढच्या गाडीच्या धुरांत श्वास घेतें. मुलांची उंची कमी, म्हणून नळीचें तोंड त्यांच्या नाकाला मोठ्यांच्यापेक्षां अधिक जवळ. पायीं पाठविलें तर रस्त्यांत गाड्यांचें भय, म्हणून गाडीवरून सोडावयाचें. आणि सारेच गाडीवरून सोडतात म्हणून रस्त्यावर गाड्यांचें भय! या फेऱ्यांतून एकट्या पालकाला सुटतां येत नाहीं, हें त्याला दोष देणारांनीं लक्षांत घ्यावें. एका गल्लींतील चार-पांच पालकांनीं पाळी लावून मुलांना घोळक्यानें पायीं नेलें तर सुटतां येतें.

विजेच्या वाहनांनीं हा सारा प्रश्न सुटला असा एक समज आहे. धूर गल्लींतून नाहींसा होतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु भारतांतील बहुतांश वीज कोळशावर होते, आणि सर्व प्रकारची वीज एकत्र धरली तरी एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड पडतो. विजेची स्कूटर एका युनिटांत तीसेक किलोमीटर जाते. तिचा आंकडा भरलेल्या बसच्या जवळ येतो आणि ती स्तुतीस पात्र आहे. विजेची मोटार सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे एकट्या माणसामागें शंभर ग्रॅमच्या वरच. शिवाय रस्त्यावर ती जागा पेट्रोलच्या मोटारीएवढीच अडविते.

लोकांनीं सायकल सोडली ती केवळ ऐषआरामासाठीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पूर्वीं घर, शाळा व कचेरी पेठांतच असत; आतां हिंजवडी, खराडी, हडपसर येथें नोकऱ्या आणि घरें दुसऱ्या टोंकाला. रोज वीस किलोमीटर सायकल चालवा, असें पन्नाशीच्या गृहस्थाला सांगणें शहाणपणाचें नाहीं. स्कूटरीनें हजारों स्त्रियांना कोणाची वाट न पाहतां कामावर जाणें शक्य केलें, हेंहि विसरूं नये. २००६ सालीं पुण्यांत बसगाड्यांसाठीं राखीव मार्ग आंखण्यास आरंभ झाला आणि सायकलींसाठींहि वाटा काढण्यांत आल्या. पण सायकलींच्या वाटा तुटक राहिल्या, मध्येंच विजेचा खांब, मध्येंच उभ्या गाड्या. ६ मार्च २०२२ रोजीं मेट्रो सुरू झाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत ती भुयारांतून स्वारगेटपर्यंत पोंचली. लांबच्या जाण्यायेण्यासाठीं ही सोय उत्तम आहे. मात्र स्थानकापर्यंतचा एक किलोमीटर जो मोटारीनें जातो, तो लांबचा धूर वांचवून जवळचा, म्हणजे थंड इंजिनाचा, पदरांत घेतो.

वाहनाची खरी निवड पुष्कळदां वाहनाच्या दुकानांत होतच नाहीं. ती घर भाड्यानें घेतांना आणि मुलाचें नांव शाळेंत घालतांना होऊन जाते. घर पाहतांना लोक पाणी पाहतात, उजेड पाहतात, शेजार पाहतात. बसथांबा किती पावलांवर आहे आणि वाण्याचें दुकान, दवाखाना, शाळा येथें पायीं जातां येतें कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं पाहावें. कारण पुढलीं दहा-पंधरा वर्षें रोज तेवढें पेट्रोल जाळण्याचा करार तेथेंच होत असतो. दोन किलोमीटरांवरच्या कामाला वर्षाचे २५० दिवस मोटारीनें जाऊन येणें म्हणजे हजार किलोमीटर, ६७ लिटर पेट्रोल आणि दीडशें किलोहून अधिक वायु; थंड इंजिनाचा जादा खर्च यांत धरलेला नाहीं.

वृद्ध, आजारी, ओझें वाहणारे यांना वाहनावांचून गत्यंतर नाहीं, आणि त्यांच्यासाठीं रस्ता मोकळा राहावा म्हणून तरी इतरांनीं चालावें. वाहन वापरावेंच लागलें तर बाजार, टपाल, बँक हीं कामें एकाच फेरींत उरकावीं, म्हणजे इंजिन एकदांच थंडें सुरू होतें. मोठ्या चौकांत दिवा लाल होऊन मिनिटभर थांबावयाचें असल्यास इंजिन बंद करावें. चाकांत हवा कमी असली तर इंधन अधिक लागतें, म्हणून पंधरवड्यांतून एकदां ती तपासून घ्यावी. पेट्रोलच्या पंपावर हें काम दोन मिनिटांत होतें.