जुन्या घराचें नव्या घरास देणें

भीमा व नीरा या दोन नद्यांच्या मधल्या आमच्या इंदापूर तालुक्यांत जुनें घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया आणि वर माळवद. निमगाव केतकीसारख्या गांवांत असलें घर उतरवितांना बहुधा असें होतें कीं, भावाभावांच्या वांटण्या झाल्या, पाडकामाचा मक्ता दिला, लांकूड व्यापाऱ्याच्या गाडींत गेलें आणि माती ओढ्याच्या कांठीं पडली. पुढें त्याच कुटुंबास प्लायवुडचीं कपाटें विकत आणावीं लागतात. हा व्यवहार शहाणपणाचा आहे काय, याचा विचार कर्त्या मंडळींनीं आधींच करावयास हवा.

येथें एक आक्षेप निघतो. एका वास्तूचें द्रव्य दुसऱ्या वास्तूस योजूं नये, असा निषेध वास्तुग्रंथांत आढळतो व वडील मंडळी तो पुढें करितात. परंतु त्याच परंपरेंत जीर्णोद्धार हें पुण्यकर्म मानिलें आहे. आपल्याच वास्तूचें निरोगी लांकूड तिलाच परत देणें हा जीर्णोद्धारच होय. कुजकें व किडकें लांकूड मात्र घरांत शिरूं देऊं नये. निषेधाचें व्यावहारिक मर्म मला यांतच दिसतें.

परीक्षा अवघड नाहीं. हातोडीनें ठोकल्यावर खणखणीत वाजेल तें लांकूड शाबूत समजावें. पोकळ वाजलें किंवा टोंचणी सहज आंत गेली तर तें बाजूस काढावें. खिळे उपटल्यावांचून करवत लावूं नये. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. म्हणून तो कोरडा न घासतां ओला करून काढावा व मुलांना दूर ठेवावें. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र फोडूं नयेत. एवढें सांभाळल्यास तुळईचा उंबरा, दाराच्या फळ्यांचें फडताळ आणि खांबाचें देवघर गांवचा सुतारही करून देतो.

चुन्यांतल्या विटा अखंड सुटतात, कारण चुना विटेहून नरम असतो. सिमेंटमधल्या विटा फुटतात. पांढरी माती भिजवून पुन्हां लिंपतां येते. सिमेंटच्या राड्याची मात्र खडीच करावी लागते. २०१६ सालच्या भारतीय मानकानें अशी खडी साध्या काँक्रीटांत २५ टक्क्यांपर्यंत मान्य केली आणि त्याच वर्षीं केंद्र सरकारनें पाडकामाच्या राड्यासंबंधीं स्वतंत्र नियमही केले.

पुण्यांत दिनकर केळकर यांनीं कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयांत तो महाल पुन्हां उभा केला. आपणांस महाल उभारावयाचा नाहीं; पण उतरवितांना प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालण्यास खडूहून अधिक खर्च लागत नाहीं.

लांकडाचे आलेले पैसे वांटून चार दिवसांत सरतात. आजोबांच्या हातची चौकट एका भावाच्या दारीं, फडताळ दुसऱ्याच्या माजघरांत आणि देवघर तिसऱ्याकडे राहिलें, तर चुली वेगळ्या झाल्या तरी मुलांना आपण एका घरचे आहों हें सांगावें लागत नाहीं. म्हणून वांटणीच्या यादींत भांड्यांबरोबर तुळया व चौकटीही लिहाव्या, आणि मक्ता त्यानंतरच द्यावा.