नोंद क्रमांक २१३

पहाटे ५.३०

शाळेत होते तोवर मुलांना बजावत असे, उठल्याबरोबर फोन हातात घ्यायचा नाही. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि चूळ भरायच्या आधी मीच फोन बघते. आज नऊ निरोप. त्यातले सात एकच गोष्ट विचारतात, शब्द तेवढे वेगळे : "बाई, पुस्तक कधी?" कोल्हापूरचे एक निवृत्त अभियंता नुसतं प्रश्नचिन्ह पाठवतात. रोज एक.

त्यांचं काही चुकत नाही. मिरजेच्या सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांवरचं माझं पुस्तक मी 'दिवाळीला हातात देते' म्हणून सांगितलं होतं. संक्रांत तोंडावर आली. पैसे मात्र गणपतीच्या आधीच घेऊन झाले होते.

आपल्याकडे याला प्रकाशनपूर्व सवलत योजना म्हणतात. छापील किंमत ४५०, आगाऊ भरणाऱ्याला ३००, टपालानं हवं असेल तर वर ४०. भाचा त्याला क्राउडफंडिंग म्हणतो. माझ्या लांब वहीवर मी सरळ 'वर्गणी' लिहिलं आहे. वहीत ३१८ ओळी. प्रत्येकीत नाव, गाव, पिनकोड, रक्कम, आणि शेवटचा रकाना 'कसे पाठवले'. तो अजून कोरा.

३१७ ओळींत माणसं आहेत. २१३व्या ओळीत कुणी नाही. एका किराणा दुकानाच्या नावानं ३४० रुपये खात्यावर आले, पाठोपाठ निरोप नाही, पत्ता नाही. त्या नावाची तीन दुकानं मिरजेत मला सापडली. तिन्हीकडे जाऊन आले. एकानं सांगितलं, "गिऱ्हाईक रोख देतं, आम्ही ऑनलाइन मारतो. कुणाकुणाचं ध्यानात ठेवायचं?"

सकाळी ७.००

काल संध्याकाळी टेम्पो आला. वीस गठ्ठे, प्रत्येकात पंचवीस प्रती. बाहेरची खोली भरली, आता पाहुणे आले तर स्वयंपाकघरात.

पण प्रती लगेच पाठवता येत नाहीत, कारण आधी चिकटवायचं काम आहे. छायाचित्रांच्या पानांत दोन चित्रओळींची अदलाबदल झाली. छापखान्याकडे बोट दाखवायची सोय नाही. शेवटचं प्रूफ रात्री साडेअकराला मीच पाहिलं आणि मीच 'छापा' म्हणून कळवलं. परिणाम असा की पन्नास वर्षं तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या चाचांचं नाव वाद्याचा भोपळा कापणाऱ्या विशीतल्या पोराच्या फोटोखाली गेलं, आणि त्या पोराचं नाव चाचांच्या खाली. बांधणी झालेली, पान बदलायचं तर पुस्तक उसवायचं. म्हणून दोन ओळींचं शुद्धिपत्र : झेरॉक्सवाल्याकडून पाचशे पट्ट्या कापून आणल्या.

पट्टीला पुरता गोंद लावला तर आर्ट पेपर फुगतो, पान कायमचं वाकडं होतं. नुसती वरची कड, तीही बोटानं, एकदाच ओढायची. मग पट्टी ठेवायची, फडक्यानं दाबायची आणि मधे कोरा कागद घालून पुस्तक मिटायचं. शेजारच्या वहिनी मदतीला आल्या आहेत. त्या माझ्यापेक्षा भरभर करतात, कारण त्या मधेच पुस्तक वाचत बसत नाहीत.

सकाळी ९.१५

आता वजन. डेमी आकार, सोळा पानी तेरा फॉर्मे म्हणजे २०८ पानं, शिवाय छायाचित्रांची सोळा. कणीक मोजायच्या काट्यावर पुस्तक २७२ ग्रॅम भरतं. पाकीट १८. बबलशीट घातली की ३०० ओलांडतं, म्हणून ती गेली आणि चार ग्रॅमची पातळ पिशवी आली. एकूण २९४.

हा सहा ग्रॅमचा जीव टपालाच्या दरात अडकलेला आहे. १ मे २०२५पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कर, पाच किलोपर्यंत १००. पाकीट जमिनीवरून जातं, विमानानं नाही, पण कुठवर पोचलं ते कळतं. कुरियरवाल्यानं मला याच वजनाचे गावाप्रमाणे ६० ते ९० सांगितले होते. तेवढे घ्यावे लागले असते तर माझी सवलत टपालानंच खाल्ली असती.

ज्ञान पोस्टला अटी आहेत. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव पाहिजे. ते आहे, प्रकाशक मीच. आणि धंद्याची जाहिरात चालत नाही. एका वाद्यविक्रेत्यांनी शेवटचं पान पाच हजारांना मागितलं होतं. तेव्हा नाही म्हणताना जीव तुटला होता. आज वाटतं, बरं झालं.

सकाळी १०.४५

साठ पाकिटं दोन पिशव्यांत घालून रिक्षानं पोस्टात. काउंटरवरच्या ताईंशी ठरलं आहे, रोज साठच आणायची, म्हणजे मागच्या रांगेतली माणसं माझ्या नावानं बोटं मोडणार नाहीत. त्या एकेक पाकीट काट्यावर ठेवतात, मी आकडा बघते. २९३, २९५, २९४. एक ३०१ भरलं. टेपचा एक पट्टा सोलून काढला, २९९ झालं. ताई हसल्या.

चार प्रती वेगळ्या. १९५४चा कायदा असा आहे की प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची. घरगुती प्रकाशकांना बहुधा हे ठाऊक नसतं. मलाही एका ग्रंथपालांनी सांगितलं.

दुपारी १२.३०

पावत्या वहीत चढवल्या. साठ कोरे रकाने भरले. जेवायच्या आधी फोन.

पहिला, लेखकांना 'पॅकेज' विकणाऱ्या एका मुलाचा. पुढच्या पुस्तकासाठी आयएसबीएन, मुखपृष्ठ, ऑनलाइन विक्री, सगळं मिळून अमुक हजार. मी विचारलं, त्यातले आयएसबीएनचे किती? म्हणाला, तीन. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मिळतो आणि फुकट मिळतो. अर्ज भरायला माझी एक दुपार गेली होती. हे सांगितल्यावर त्याचा आवाज बारीक झाला. पोरगा चांगला होता, शाळेत असता तर पुढच्या बाकावर बसवला असता.

दुसरा, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदारांचा. वीस प्रती ठेवतील. चाळीस टक्के कमिशन, परतीच्या बोलीवर, हिशेब सहा महिन्यांनी. त्यांना दुकानाचं भाडं आहे, मांडणीत जागा अडते, त्यांचा दर अवाजवी नाही. पण वहीच्या मागच्या पानावर गणित केलं : ४५०चे मला २७० मिळणार, तेही विकलं गेलं तर आणि आषाढात. वर्गणीदारानं ३०० दिले ते कागद घ्यायच्या आधी. सवलत मी त्याला दिली असं पत्रकात छापलंय खरं. हिशेबात सवलत त्यानं मला दिलेली दिसते.

बाकीचा हिशेब सरळ आहे. ३१८ गुणिले ३०० म्हणजे ९५,४०० जमा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ २१,०००. छपाई आणि बांधणी ६८,५००. शिल्लक ५,९००. भोपळ्यांची शेतं बघायला पंढरपूरकडे केलेल्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत, त्या पेन्शनमधून गेल्या. हा जमाखर्च मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे, टपालाच्या ४० रुपयांसकट.

दुपारी १.३०

भाकरी, पावट्याची आमटी. जेवताना वहिनींनी विचारलं, "हिशेब कशाला छापलात? लोक नावं ठेवतील."

हे शिकले मी श्रीधर व्यंकटेश केतकरांकडून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवत गावोगाव हिंडले. तेवीस खंड पुरे केले. शिवाय 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाचं आणखी एक पुस्तक लिहून त्या सगळ्या उलाढालीचा इतिहासही लोकांपुढे ठेवला. शंभर वर्षांपूर्वी, फोन नसताना. माझी तर ३१८ माणसं आणि एक वही. लोकांच्या पैशानं पुस्तक काढलं तर ते कुठं गेले हे लोकांना दिसलं पाहिजे, इतकंच.

दुपारी ३.००

भाचा कॉलेजमधून आला. आता 'प्रमोशन'. उरलेल्या प्रती खपवायच्या आहेत : २२ कारागिरांना भेट, चार कायद्याच्या, म्हणजे विकायला १५६. तो एका मिनिटाचा व्हिडिओ काढणार. मी तंबोऱ्याशेजारी बसायचं आणि हसायचं. तीनदा काढला, तिन्हीत मी वर्गात हजेरी घेतल्यासारखी दिसते.

तो मला ब्रँडन सँडरसनचं उदाहरण देतो. अमेरिकेतला कादंबरीकार. मार्च २०२२मध्ये त्यानं किकस्टार्टरवर चार नव्या कादंबऱ्या जाहीर केल्या आणि १,८५,३४१ लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर भरले. मी म्हटलं, अरे, त्याच्याकडे स्वतःची कंपनी आहे, माल पाठवायला माणसं आहेत आणि त्याच्या आधीच्या पुस्तकांचे लाखो वाचक आहेत. भारतातल्या लेखकाला किकस्टार्टरवर मोहीम उघडताही येत नाही. "मावशी, मुद्दा तो नाही," तो म्हणाला, "मुद्दा हा की मागायला लाजायचं नाही."

तिथं पोरगं बरोबर बोललं. सुरुवातीला मी लाजतच होते. शाळेच्या जुन्या ग्रुपवर अडीचशे जणांना पत्रक टाकलं आणि गप्प बसले. एकोणचाळीस अंगठे आले, पैसे चौघांनी भरले. मग वही घेऊन एकेकाला नावानं फोन लावायला लागले. "अरे, तुझ्या आजोबांच्या दुकानासमोरच तो कारखाना होता." चाळीस फोन, एकतीस वर्गण्या. ग्रुपवरच्या मागण्याला कुणीच नाही म्हणत नाही, कारण ते कुणालाच केलेलं नसतं. फोनवर मात्र माणसाला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं. नऊ जण नाही म्हणाले. त्यातल्या एकीनं कारण सांगितलं, नवऱ्याची नोकरी गेली होती. तिला नंतर पुस्तकासाठी फोन केला नाही, पण फोन केला.

संध्याकाळी ५.००

तालुक्यातल्या एका गावी, 'क' वर्गाच्या वाचनालयात. एसटीनं चाळीस मिनिटं, मांडीवर दहा प्रती. राज्यात अशी सरकारमान्य वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत. पुस्तकाचा प्रचार म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी या एसटीकडे बोट दाखवीन.

माणसं चौदा, त्यातली चार वर्तमानपत्र वाचायला आलेली. मी तंबोऱ्याच्या जवारीबद्दल बोलले. घोडीच्या माथ्यावर तार टेकते तिथला उतार कानसीनं इतका बारीक घासतात की तो डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. मग तारेखाली दोरा सरकवतात, एका जागी आला की आवाज उघडतो. एका आजोबांनी विचारलं, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कारागिराला काय उपयोग झाला? पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण याच प्रश्नावर आहे आणि त्याचं उत्तर लांबलचक आहे. त्यांनी पुस्तक घेतलं. एकूण पाच गेली, ४००नं. वाचनालयानं एक घेतलं, ते त्या पाचांतच.

रात्री ८.१५

घरी आले तर ओट्यावर चाचा बसलेले. तेच, शुद्धिपत्रातले. वहिनींनी चहा दिलेला.

"बाई, माझं पुस्तक?"

मी त्यांची भेटप्रत आणली. आत नाव घालून आधीच बाजूला ठेवली होती. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "ही नको. मी पैसे भरलेत. श्रावणात. वाण्याकडं रोख दिले, त्यानं मोबाइलवरनं पाठवले."

"चाचा, अहो नाव तरी सांगायचं! पाच महिने शोधतेय."

"सांगितलं असतं तर फुकट दिलं असतं तुम्ही."

गठ्ठ्यातली प्रत दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ छायाचित्रांची पानं उघडली. पट्टी मी बोटानं दाखवली, चूक सांगितली, माफी मागितली. त्यांनी पट्टी वाचलीच नाही. फोटो दिव्याकडे धरून बराच वेळ बघितला. माझ्या पोटात गोळा.

"ह्यात दोरा दिसत नाही," ते म्हणाले. "दोरा दिसला नाही तर लोकांना वाटंल, मी नुसता तारेवर हात ठेवून बसलोय."

पुढच्या आवृत्तीत नवीन फोटो काढू म्हटलं. त्यांनी मान हलवली, शेवटचं पान उघडलं आणि जमाखर्चावरून बोट फिरवत खाली आले. टपाल, ४०. बोट तिथं थांबलं.

"वाण्यानं पत्रकावरचा मोठा आकडा मारला. मी तर चालत आलोय."

मी आत जाऊन दोन विसाच्या नोटा आणल्या. त्यांनी त्या घडी करून खिशात ठेवल्या, पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाले.

झोपायच्या आधी वही काढली. २१३ समोर नाव लिहिलं, गाव मिरज. 'कसे पाठवले'च्या रकान्यात 'हाती', आणि कंसात 'चाळीस परत'.