आठ नंबरची पिन

लाईट आली की वस्तू जळतात. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या गल्ल्यांत टीव्ही, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स उघडून बसलेल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. गेलेल्या लाईटबद्दल त्याची फारशी तक्रार नसते, परतणाऱ्या लाईटबद्दल मात्र तो तासभर बोलेल. भारनियमनाच्या काळात, साधारण २००५ पासून पुढची काही वर्षं, मराठवाड्यातल्या खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. त्या अंधारावर मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. अंधार संपतो त्या पहिल्या सेकंदाकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. मला त्याच सेकंदाचं जुनं वेड आहे.

वेडाचं मूळ एका डेटाशीटमध्ये आहे. रद्दीच्या दुकानात इंजिनिअरिंगच्या पोरांनी टाकलेल्या पुस्तकांत कधीकधी कंपन्यांची जाडजूड डेटाबुकं सापडतात. तिथे 'एसजी ३५२५ ए' या सोळा पायांच्या आयसीची पानं हाती लागली. हा आयसी कुठे असतो असं विचाराल, तर त्या काळात गावोगावी जोडल्या गेलेल्या इन्व्हर्टरचं झाकण उघडायचं. लोखंडी पेटी, जड ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मॉस्फेटची रांग आणि मधोमध बऱ्याचदा हाच आयसी किंवा त्याचा थोरला भाऊ ३५२४.

या घराण्याचा जनक बॉब ममानो. हे आयसी एसएमपीएससाठी, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लायसाठी बनले. तो असा चालतो: वीज सेकंदाला हजारो वेळा तोडायची-जोडायची आणि जोडलेला वेळ कमीजास्त करून व्होल्टेज नेमकं राखायचं. ते राखण्यासाठी पूर्वी ढीगभर सुटे भाग लागत. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन जनरल कंपनीत ममानोंनी ते सगळं एका आयसीत आणलं. तो १५२४. ३५२४ ही त्याचीच स्वस्त, सर्वसाधारण तापमानासाठीची आवृत्ती.

१५२४ मध्ये एक खोट होती. सुरुवातीला आउटपुट शून्य असतं. आयसी पाहतो की व्होल्टेज फारच कमी आहे, आणि ते भरून काढायला पूर्ण ताकद लावतो. करंट उसळतो, मॉस्फेट किंवा ट्रान्झिस्टर तापतो, आउटपुट हव्या त्या आकड्याच्या वर उडी मारून मग खाली येतं. डिझायनर बाहेरून ट्रान्झिस्टर, डायोड, कॅपॅसिटर जोडून ही उसळी दाबत. पुढच्या १५२५ मालिकेत (३५२५ त्यातलाच) हे काम आयसीच्याच आठव्या पिनवर आलं. डेटाशीटमध्ये तिचं नाव 'सॉफ्ट स्टार्ट'.

आठव्या पिनमधून ५० मायक्रोॲम्पियर एवढा किरकोळ करंट बाहेर येतो आणि तिथे लावलेला कॅपॅसिटर हळूहळू भरतो. तो जितका भरेल तितकीच ताकद आयसी बाहेर सोडतो. १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल तर पूर्ण ताकदीला पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ जातो. एका स्वस्त कॅपॅसिटरने विकत घेतलेला अर्धा सेकंद!

खरी गंमत दहाव्या पिनच्या वर्णनात आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. दहावी पिन म्हणजे 'शटडाऊन'. ओव्हरलोड झाला की तिच्यावर इशारा येतो, आउटपुट त्याच क्षणी बंद होतं आणि आठव्या पिनवरचा कॅपॅसिटर १५० मायक्रोॲम्पियरने रिकामा व्हायला लागतो. इशारा क्षणभराचा असेल तर कॅपॅसिटर फारसा रिकामा होत नाही, त्यामुळे परतताना आयसी थेट पूर्ण ताकदीने परततो. इशारा लांबला तरच कॅपॅसिटर पुरता रिकामा होतो आणि सुरुवात पुन्हा शून्यापासून, सावकाश होते. थोडक्यात, पहिली सुरुवात आणि व्यत्ययानंतरची सुरुवात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी कशी होईल हे व्यत्यय किती वेळ टिकला यावर ठरतं. माझ्या मते या आयसीतलं सगळ्यात शहाणपणाचं कलम हेच. मराठवाड्यातली वीज क्षणभर जाऊन परत येण्यात पटाईत होती, तेव्हा ते इथल्याइतकं दुसरीकडे क्वचितच कसाला लागलं असेल.

एसएमपीएसच्या तोंडाशी बसवलेल्या एनटीसीचंही असंच. ती काळी किंवा हिरवी चकती, अंगावर 'पाच डी नऊ' असं काहीतरी छापलेलं. थंड असताना तिचा रोध पाच ओहम, त्यामुळे ३२५ व्होल्टला भरू पाहणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरची पहिली झेप आवरली जाते. चालू झाल्यावर ती तापते आणि रोध जवळपास नाहीसा होतो. लाईट दोन-चार सेकंदांसाठी गेली तर कॅपॅसिटर रिकामा होतो, चकती मात्र तापलेलीच राहते. मग लाईट परतते तेव्हा आवरायला कुणी नसतं. 'साहेब, लाईट झपझप झाली अन् सेट गेला,' हे वाक्य मेकॅनिक रोज ऐकायचा. ब्रिजचे डायोड फुटलेले आणि फ्यूज काळा.

उलटा प्रकार ३८४२ आयसीच्या सेटांत दिसायचा. हा आयसी १६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही, पण एकदा जागा झाला की १० व्होल्टपर्यंत तग धरतो. त्याला जागं करणारा करंट एका मोठ्या रोधातून येतो आणि तो असतो जेमतेम एखादा मिलिॲम्पियर. लाईनच्या टोकाच्या वस्तीवर संध्याकाळी दीडशे व्होल्ट आले की तेवढाही पोचत नाही. म्हणून चालू टीव्ही दीडशे व्होल्टवर मजेत चाले, पण बंद केला की पुन्हा लागत नसे. त्यात मे महिन्यातली नांदेडची उष्णता आणि वर पत्रे. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. स्टार्टअपचा कॅपॅसिटर सुकला की आयसी उठतो, कोसळतो, पुन्हा उठतो, आणि सेट नुसता टिकटिक करत बसतो.

या सगळ्यावर मेकॅनिकचा उपाय म्हणजे सिरीज बल्ब. दुरुस्त केलेला सेट थेट लाईनवर न लावता साठ किंवा शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बमधून लावायचा. बल्ब भक्क पेटून विझत आला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या आठव्या पिनचं काम इथे एका होल्डरवर होत होतं. एलईडी आल्यावर शंभराचा बल्ब मिळेना, तेव्हा मेकॅनिक लोकांनी जुने बल्ब जपून ठेवले.

आता शेतात चला, कारण या गोष्टीतलं सगळ्यात मोठं भांडण तिथे आहे. मोटारीच्या साध्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते, आणि लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार लागत नाही. ही सोय मुद्दाम केलेली आहे. शेतकऱ्याने तिच्यावर मात केली ती ऑटोस्विचने: तीनही फेज आले की ही डबी स्वतःच मोटार लावते. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, डीपी, म्हणजे शिवारातले ट्रान्सफॉर्मर, जळतात.

हिशेब महावितरणच्या बाजूने आहे. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण करंट सुमारे १३३ ॲम्पियर. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात ॲम्पियर घेते, उठताना त्याच्या सहापट. वीस मोटारी एकदम उठल्या की मागणी नऊशेच्या घरात जाते. व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की जोर निम्मा. निम्म्या जोरात मोटार वेग घेत नाही, आणि वेग येत नाही तोवर उठतानाचाच करंट ओढत राहते. एकमेकींना खाली दाबणाऱ्या वीस मोटारी, मध्ये किटकॅटला फ्यूजऐवजी गुंडाळलेली जाड तार, आणि मग जळालेली डीपी. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत.

पण शेतकऱ्याची बाजू हिशेबात येत नाही. शेतीची वीज आठवड्याच्या चक्राने कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्री अकराला येणार म्हणून सांगितलेली लाईट दोनला येते. थंडीत, सापाकिरड्यातून बटण दाबायला विहिरीवर कोण जाणार? दारं धरायला जावंच लागतं, निदान मोटार तरी आपोआप लागू दे, ही मागणी मला अजिबात अवास्तव वाटत नाही. ऑटोस्विच काढा हे सांगणं सोपं आहे, कारण ते सांगणारा रात्री दोनला घरी असतो.

तोडगा ऑटोस्विचच्या डबीतच होता. अनेक ऑटोस्विचमध्ये वेळ लांबवायची चकरी असते. पण सगळे ती आहे तशीच ठेवतात, किंवा पाणी आधी आपल्याला मिळावं म्हणून कमीत कमी करतात. मग दहा सेकंद थांबून वीसच्या वीस मोटारी पुन्हा एकदमच उठतात. प्रत्येक डबीचा उशीर कारखान्यातच वेगवेगळा, अनियमित ठेवला असता आणि शेतकऱ्याच्या हाती ती चकरी दिलीच नसती, तर एका डीपीवरच्या मोटारी दोन-तीन मिनिटांत पाठोपाठ लागल्या असत्या. 'काढा'ऐवजी 'अशीच विका' असा आग्रह धरायला हवा होता, असं माझं मत आहे.

लातूर-नांदेडच्या शिवारात आता सौर पंप दिसू लागले आहेत. त्यांच्या कंट्रोलरमध्ये सॉफ्ट स्टार्ट मुळातच असतो: तो फ्रिक्वेन्सी खालून वाढवत नेतो, त्यामुळे मोटार झटका न देता उठते. ढग आला आणि पॅनेलचं व्होल्टेज पडू लागलं की तो वेग उतरवतो, व्होल्टेज सावरू देतो, ऊन परतलं की पुन्हा चढवतो. शिवाय या पंपाला ना डीपी, ना वीस शेजारी. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्या विहिरीवर ऑटोस्विच तसाच लावलेला आहे, चकरी शून्याकडे फिरवून.